‘हाय’ : उंचीपासून सुटलेला शब्द

‘हाय’ म्हणजे उंच, हे शाळेत पाठ होतं. मग हायवे आडवा येतो. सपाट रस्ता तो, त्यात उंच काय? मराठीत ज्याने त्याला महामार्ग म्हटलं, त्याने ‘उंच’ला हातही लावला नाही. शहाणा माणूस.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाच्या शेवटी घशातून खरवडून काढलेला ‘ख’ होता. जर्मन ‘होख’मध्ये तो आजही ऐकू येतो. इंग्रजीत आवाज गेला, स्पेलिंगमधले ‘जी’ आणि ‘एच’ तेवढे मागे राहिले. पण डोंगर-मनोऱ्यांची संगत शब्दाने त्या काळातच सोडायला सुरुवात केली होती. ‘हाय’ लावला की गोष्ट मुख्य, मोठी होई. आज ज्याला आपण भरती म्हणतो त्या ‘हाय टाइड’चा तेव्हाचा अर्थ मोठा सण, कारण ‘टाइड’ म्हणजे काळ, वेळ. जर्मनमध्ये याच घडणीचा ‘होखत्साइट’ आहे. शब्दशः ‘उंच वेळ’, आणि अर्थ लग्न!

कायद्यातही तेच. इंग्लंडमध्ये 1351 च्या कायद्याने राजाविरुद्धचा द्रोह वेगळा काढला. तो ‘हाय ट्रीझन’. नोकराने मालकाला किंवा बायकोने नवऱ्याला मारलं तर तो ‘पेटी’, म्हणजे धाकटा द्रोह. नवरा म्हणजे घरातला छोटा राजाच, असा हिशेब. हा धाकटा प्रकार 1828 मध्ये रद्द झाला. थोरला अजून आहे.

समुद्राची गंमत आणखी वेगळी. किनाऱ्यापासून दूरचा, कुणाच्याच मालकीचा नसलेला समुद्र इंग्रजीत ‘हाय’, आणि आपण त्याला खोल समुद्र म्हणतो. दिशाच उलटी वाटते. पण लॅटिनमधल्या ‘आल्टुस’ या एकाच शब्दात उंच आणि खोल दोन्ही मावतात. वरून मोजलं काय, खालून मोजलं काय, अंतर तेच.

याच्या उलट चूक ‘हाय जर्मन’बाबत होते. ही उच्चभ्रूंची, शुद्ध जर्मन असावी, असं वाटतं. मुळात ती दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातली भाषा. उत्तरेच्या सखल मैदानातली ती ‘लो जर्मन’. म्हणजे इथे ‘हाय’ खरोखरच उंचीचा, पण नकाशात ‘लो’ वर आणि ‘हाय’ खाली! प्रमाण भाषा बऱ्याच अंशी त्या डोंगराळ बोलींतून घडली, आणि मग प्रतिष्ठेचा अर्थ येऊन चिकटला.

दारू प्यालेला माणूस इंग्रजीत सतराव्या शतकापासून ‘हाय’ आहे. अमली पदार्थांची नशा विसाव्या शतकातली भर. इथे आपल्याला काही समजवावं लागत नाही, मराठीतही दारू चढतेच. मांसाच्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. शिकारीचं मांस टांगून ठेवलं, त्याला वास सुटायला लागला, की इंग्रज म्हणतो ‘हाय’ झालं. आपण अशाच अन्नाचा वास घेतो आणि म्हणतो, उतरलं.