मॉडेल रेल्वेच्या जुन्या प्लास्टिक इमारतींचं रंगकाम: आमच्याकडे पाठवण्यापूर्वी वाचा

फालर, व्होल्मर, किब्री, पोला या जर्मन कंपन्यांच्या एचओ मापाच्या (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान) इमारती वापरलेल्या स्थितीत आजही भरपूर मिळतात. पण लेआउटवर, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या पाटावर, ठेवल्या की खेळण्यातल्या वाटतात. दोष बहुतेकदा चकाकीचा असतो. वीट, कौल, लाकूड, सगळ्यांवर प्लास्टिकची तीच तकाकी.

घरी थिनर लावू नका. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. एनसी थिनरने किंवा ॲसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरने ते विरघळतं. बुजलेल्या विटा आम्हालाही परत आणता येत नाहीत. धूळ काढायचीच असेल तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे. कडकडीत पाण्याने भिंती वाकतात. सुटलेली पन्हळ, तुटकं धुराडं फेकू नका, वेगळ्या पिशवीत घालून पाठवा.

आमच्याकडे आल्यावर खिडक्यांच्या काचा निघत असतील तर काढतो, नाहीतर झाकतो, कारण मॅट वार्निशच्या फवाऱ्याने त्या धुरकट होतात. आत दिवा लावणार असाल तर आधी सांगा. भिंतींना आतून काळ्या रंगाचा हात द्यावा लागतो, नाहीतर अख्खी इमारत कंदिलासारखी उजळते. मग प्रायमर, त्यावर मॅट ॲक्रिलिक. विटांच्या दरजांसाठी फिकट करडा रंग पातळ करून भिंतभर लावतो आणि बोटावर ताणलेल्या फडक्याने लगेच वरवर पुसतो. रंग फक्त खाचांत उरतो.

जुनेपणा आणताना पावसाचं पाणी कुठून वाहील ते आम्ही बघतो. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांखाली ओघळ, पन्हळीच्या सांध्याखाली गंज, जोत्याला हिरवट ओल. वळचणीखालची भिंत मात्र कोरडी. आणि हात आखडता. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या भिंतीवर जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा पट्टा! लेआउट वाफेच्या इंजिनांच्या काळातलं असेल तर रुळांकडची बाजू जास्त काजळलेली करतो, म्हणून कोणती बाजू रुळांकडे येणार ते कळवा.

‘एकदम पडीक करून द्या’ असं बरेच जण सांगतात. एखादं गोदाम पडीक शोभतं. गाड्या थांबणारं स्टेशन कोणीतरी झाडतं, रंगवतं.

जर्मन स्टेशनाला देवनागरी पाटी लावून भारतीय करता येईल का? विटांचं गोदाम, पाण्याची टाकी, इंजिन शेड सहज खपून जातात. लाकडी चौकटीच्या भिंती आणि बर्फासाठीचं उभट छप्पर असलेलं घर पिवळ्या पाटीनेही भुसावळचं होत नाही. ते काम आम्ही घेत नाही.

काजळी आणि गंज पावडरचा असतो. वार्निशखाली तो फिका पडतो, म्हणून शेवटचा थर आम्ही मोकळाच ठेवतो. इमारत जोत्याला धरून उचला, भिंतीला बोट लावू नका. धूळ बसली तर कोरड्या, मऊ मेकअप ब्रशने हलकेच झटका. ओलं फडकं अजिबात नको.