अलॉय, ऑफसेट आणि हबवरचा भार : पार्श्वभूमी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे टायर-रिमच्या दुकानांना इथे गिऱ्हाइकाची वानवा नाही. कंपनीची स्टीलची रिम उतरवायची, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रुंद रिम, म्हणजे अलॉय, चढवायची आणि टायर फेंडरबाहेर डोकावला पाहिजे, ही हौस जळगाव-नंदुरबारकडेही जोरात आहे. दुकानात पहिला प्रश्न डिझाइनचा, दुसरा भावाचा. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, हे विचारणारा क्वचितच. ही बेफिकिरी कालपरवाची नाही.

बैलगाडीचं चाक आसावर मोकळं फिरायचं. वंगण घातलं की झालं. चाक डुलत चाललं तरी बैलाच्या वेगाला काय होणार? पुढे रबरी चाकांची टायरगाडी आली आणि कापसाच्या गाड्यांखाली बेअरिंग आलं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने विलिज जीपची जुळणी सुरू केली, आणि नंतरची कित्येक वर्षं खेडोपाडी माणसं टपापर्यंत भरून जीपच धावत होती. तिच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या तुंब्यात, समोरासमोर बसवलेली दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंगं असत. या जातीच्या बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेनने 1898 मध्ये घेतलं होतं. मिस्तरी ती काढून डिझेलमध्ये धुवायचा, ग्रीस भरायचा, नट आवळून किंचित ढिला करायचा. चाकात प्ले (खुळखुळ) आला तर पुन्हा आवळायचा. पाच बोल्टांचं वर्तुळ 139.7 मिमीचं, म्हणून एका जीपची रिम दुसरीला बिनधास्त चढे. ‘चाक बठनं ना? मंग झायं!’ हा हिशेब तेव्हा बऱ्यापैकी चालून जायचा.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाड्या घरोघरी झाल्या. त्यांच्या पुढच्या हबमध्ये आवळायला काही उरलं नाही. पुढे तर हब आणि बेअरिंग मिळून एकच सीलबंद नग आला. खराब झाला की अख्खा बदलायचा. हा नग ठरावीक भार ठरावीक जागी पडेल, असं धरून बनवलेला असतो.

अलॉयचा जन्म मात्र दिखाव्यासाठी नव्हता. 1924 च्या बुगाटी टाइप 35 या रेसच्या गाडीला ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती. आज बाजारातली मोठी अलॉय मूळ स्टीलपेक्षा हलकी असेलच, असं नाही.

खरी मेख ऑफसेटमध्ये आहे. रिमचा मध्य आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांतलं हे अंतर, मिमीमध्ये मोजलेलं. +45 च्या जागी +20 ची रिम लावली की चाक 25 मिमी बाहेर सरकतं. त्या चाकावर 350 किलो भार असेल, तर गाडी उभी असतानाच बेअरिंगवर सुमारे 86 न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर वाढतो. लळिंगच्या घाटातली वळणं आणि खड्डे वेगळेच. हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, लावली तरी हेच होतं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्मं. म्हणजे वर्ष-दीड वर्षाने चाकातून घरघर सुरू झाली की दोष कंपनीच्या बेअरिंगच्या माथी, आणि रिम नामानिराळी.

मधल्या भोकाचंही तसंच. ते हबपेक्षा मोठं असेल आणि फट भरणारी रिंग घातली नसेल, तर चाक नेमकं मध्यावर बसवायची जबाबदारी नटांवर येते. बोल्टांचं वर्तुळ 100 मिमीचं असलेल्या हबवर 98 च्या वर्तुळाची रिम दामटून आवळण्याचे प्रकार तर याहून वाईट. नट तिरका बसतो, हळूहळू ढिला होतो आणि एखादा स्टड (हबातून बाहेर आलेला बोल्ट) तुटतो.

कायदा उशिरा जागा झाला. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा आहेत. 2020 मध्ये केंद्राने रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून आयएसआय चिन्हाची अट आणली. पण ते चिन्ह रिमच्या मजबुतीपुरतं. ती तुमच्या हबवर किती बाहेर बसणार, हे बहुतेक अलॉयच्या मागच्या अंगाला ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेलं असतं, आणि तो आकडा जुन्या रिमच्या आकड्याशी ताडून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.