शिफारशीतले किलो आणि गोणीतले किलो
(गव्हाचं खत घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी)

रब्बीच्या तोंडावर काउंटरवर रोज हाच वाद. "शिफारस १२० किलोची आहे, मग १२० किलो युरिया द्या. तुम्ही वेगळंच काय सांगताय?" रांग लागलेली असताना प्रत्येकाला हिशेब मांडून दाखवणं जमत नाही, म्हणून हा कागद छापला. घरी निवांत वाचा, मग खताला या.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाची शिफारस १२०:६०:४०. क्रम नेहमी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) असाच. यातले किलो अन्नद्रव्याचे आहेत, खताचे नव्हेत. शिवाय ते हेक्टरी आहेत, एकरी नव्हेत. दहातले आठ जण या दोनपैकी एका ठिकाणी तरी चुकतात.

युरियात नत्र ४६ टक्के. गोणी ४५ किलोची, म्हणजे एका गोणीत नत्र साधारण २०.७ किलो. (२०१८ पासून युरियाची गोणी ५० ची ४५ झाली, तरी हिशेब अजून पन्नासचाच चालतो!) डीएपी म्हणजे १८:४६, १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. त्याच्या ५० किलोच्या गोणीतून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं. पोटॅश खताच्या ५० किलोच्या गोणीत पालाश ३० किलो.

आता एकरी बघू. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, त्यामुळे एकरी मात्रा साधारण ४८:२४:१६ बसते. डीएपीची एक गोणी टाकली की स्फुरद जवळजवळ भागलं आणि ९ किलो नत्रही आलं. पोटॅश २७ किलो, म्हणजे अर्ध्या गोणीपेक्षा थोडं जास्त. उरलेल्या नत्रासाठी युरिया ८५ किलो, दोन गोण्यांना पाचच किलो कमी. पण तो सगळा एकदम टाकायचा नाही. पेरताना ३३ किलो आणि बाकीचा तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हाच्या पाण्याला.

डीएपी मिळत नसेल तर अडून बसू नका. १२:३२:१६ या मिश्र खताच्या (५० किलोची गोणी) दीड गोणीत ९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश येतं. युरिया तेवढाच लागतो, पोटॅश मात्र ७ किलोवर भागतं.

एकरी डीएपीची गोणी टाकून वर १२० किलो युरिया ओतला, तर नत्र ४८ च्या जागी ६४ किलो होतं. गहू बघायला काळाशार दिसतो, शेजारी कौतुक करतात, आणि ओंब्या भरल्यावर एका वाऱ्यात सगळा लोळतो. याच्या उलट, नुसता १२० किलो युरिया हेक्टरभर पसरला तर नत्र पडतं ५५ किलो, शिफारशीच्या निम्म्याहूनही कमी. पीक पिवळं पडलं की मग आमचं बियाणं खराब!

दुसरी अडचण सातबाऱ्याची. त्यावर ०.६० लिहिलेलं असतं आणि लोक एकरापेक्षा कमी समजून खत मागतात. तो आकडा हेक्टरचा, म्हणजे ते ६० आर आहेत. आर आणि गुंठा यांत नावालाच फरक आहे, आणि ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते रान दीड एकर भरतं. पोटखराबा, म्हणजे लागवडीत नसलेली जागा, तेवढा वजा करा. पडीक बांधाला खत कशाला?

१९:१९:१९ किंवा ०:५२:३४ ही विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं ठिबकला आणि फवारणीला. पेरणीच्या खताची जागा ती घेत नाहीत, आम्हाला त्यात नफा जास्त असला तरी. बियाण्याच्या पिशवीवर निळं लेबल म्हणजे प्रमाणित, हिरवट म्हणजे सत्यप्रत (उत्पादकाच्या स्वतःच्या हमीवरचं). गव्हाची उगवण किमान ८५ टक्के लागते. लेबल आणि बिल हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

आम्ही क्षेत्र विचारतो, अंगठा घेतो, पक्कं बिल करतो, याचा काहींना राग येतो. अनुदानाचं खत मशीनवर आधारची ओळख पटवल्याशिवाय देता येत नाही, तिथे आमचा इलाज नाही. क्षेत्र विचारतो ते तुमच्या दोन गोण्या वाचाव्यात म्हणून. आणि युरियाच्या गोणीमागे नको असलेली बाटली गळ्यात मारायचं लिंकिंग या दुकानात होत नाही, हे जुन्या गिऱ्हाइकांना माहीत आहे.

येताना सातबारा आणि माती परीक्षणाचा अहवाल आणा. आधीचं पीक काय होतं तेही सांगा. गोण्यांचा हिशेब आम्ही बिलाच्या मागे लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत. माती तपासलेली नसेल तर नमुन्याची पिशवी इथेच मिळेल, पण खत टाकण्याआधी न्या. दुपारी एक ते तीन गर्दी कमी असते.