रायफलीचा परवाना: ठाणे आणि नवी मुंबईत अर्ज कुठे करायचा, कागद कोणते आणि कारण काय लिहायचं

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की पॉइंट तीन-पंधराची (म्हणजे ०.३१५ इंच नळीची) बोल्ट अॅक्शन रायफल घे, परवान्यावर मिळणाऱ्या रायफलींत तीच सगळ्यात स्वस्त. राहतो बदलापूरला, सातव्या मजल्यावर. त्याला किंमत विचारायची होती. मी उलट विचारलं, ‘अर्जात कारण काय लिहिणार?’ तो म्हणाला, ‘शिकार, दुसरं काय!’

त्याचा अर्ज भरायच्या आधीच बाद झाला होता.

दुकानात आजही ‘स्पोर्टिंग रायफल’ म्हणतात, जुनी माणसं ‘शिकारीची बंदूक’ म्हणतात, पण शिकार नावाचं कारण आता कायद्यात उरलेलं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीने ती दारं बंद केली. माणसाच्या जिवावर उठलेला किंवा पिकाची नासधूस करणारा प्राणी मारायचा झाला तरी वन खात्याचा लेखी आदेश लागतो. म्हणजे शहापूर-मुरबाडकडे रानडुकरांनी भात आडवा केला, तरी हातात परवान्याची बंदूक आहे एवढ्यावर चाप ओढता येत नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, प्राणी मारायची परवानगी वेगळी. ही दोन कागदपत्रं एकच समजून लोक गोत्यात येतात.

मग कारण कोणतं चालतं? व्यवहारात तीन: स्वसंरक्षण, नेमबाजीचा खेळ आणि शेतसंरक्षण. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ इथे नीट वाचण्यासारखं आहे, कारण स्वस्त काय पडेल याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअरची दुनाळी, स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल तर कायद्याची भाषा परवाना ‘द्यावा’ अशी आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक असेल तरी तसंच. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी पॉइंट बावीसची रायफल किंवा एअर रायफल हवी असेल तरी तसंच. बाकी सगळ्या हत्यारांना, म्हणजे तीन-पंधरासारख्या मोठ्या रायफलीलाही, ‘सबळ कारण आहे अशी खात्री पटली तर’ ही अट आहे. रायफल दुनाळीपेक्षा चार पैशांनी स्वस्त मिळाली तरी तिचा परवाना मिळवणं जड.

आता तीन-पंधराबद्दल थोडं, कारण नाव सगळे घेतात आणि माहिती कमी जणांना असते. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची ही बनावट. रचना जुन्या ली-एन्फिल्डची. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ हाताने वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते, मूठ पुढे ढकलली की पेटीतलं पुढचं काडतूस नळीत बसतं. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली, बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यामुळे पावतीवरचं नाव बदललं आहे. तीन-पंधरा हा बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, आला तो इंग्रजांच्या धोरणामुळे: फौजेचं थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस खासगी बंदुकीत चालू नये. तो भेद आजही आहे. थ्री-नॉट-थ्री आणि सात-बासष्ट (७.६२ मिलिमीटर) प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांचा परवाना स्थानिक पातळीवर मिळत नाही. जुन्या बाजारात कुणी ‘थ्री-नॉट-थ्री स्वस्तात देतो’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. परदेशी बनावटीच्या रायफली दिसतात त्या बहुतेक फार जुन्या; १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली, म्हणून त्यांच्या किमती अव्वाच्या सव्वा.

माझं स्पष्ट मत सांगतो. घोडबंदर रोडवरच्या किंवा कोपरखैरण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वसंरक्षणाला ही रायफल निरुपयोगी आणि धोक्याची. तिची गोळी एका भिंतीत थांबत नाही, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं मूल झोपलेलं असतं. निशाणेबाजीची हौस असेल तर चार पॉइंट पाच मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट एक-सात-सातची एअर रायफल घ्या. तिची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवानाच लागत नाही. पुढे जायचं असेल तर क्लबचे सभासद होऊन पॉइंट बावीस. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज वरळीला आहे, ठाण्याहून लोकलने जाऊन-येऊन सराव करणारी मुलं मी पाहिली आहेत.

अर्ज कुठे?

इथे ठाणे जिल्ह्यातले लोक हमखास चुकतात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, आयुक्तालयाबाहेर जिल्हाधिकारी. ठाणे, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा शहरी पट्टा ठाणे आयुक्तालयात. मुरबाड, शहापूर ग्रामीण पोलिसांकडे, म्हणून त्यांचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई आयुक्तालय, आणि खारघर, कामोठे, पनवेल, उरणही तिथेच. खारघरची माणसं ‘आमचा जिल्हा रायगड’ म्हणून अलिबागची वाट धरतात. त्यांचं काम सीबीडी बेलापूरला आहे. मीरा-भाईंदर २०२० पासून वेगळं आयुक्तालय झालं. आमचे बंधुराजही फाइल घेऊन आधी कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालयात गेले आणि अर्धा दिवस घालवून परतले.

दुसरी गोष्ट अर्जदारांना बहुधा कुणी सांगतच नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि राष्ट्रीय उद्यानालाही हे कलम लागू आहे. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. ठाण्याच्या खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य. पनवेलच्या दक्षिणेला कर्नाळा, शहापूरकडे तानसा. म्हणजे वागळे इस्टेट, वर्तकनगर, ऐरोली, वाशी अशा भर वस्तीतल्या माणसाची फाइलसुद्धा वन खात्याकडे फिरून येऊ शकते. अर्ज का अडकला म्हणून पोलीस ठाण्यात वाद घालण्याआधी हे पाहा.

पात्रता आणि कागद

वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती भोगून झाल्यावर ५ वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचं किंवा ‘चांगल्या वर्तणुकीचं बाँड’ लिहून दिलेलं असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावर मात्र परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. तरीही आयकराची विवरणपत्रं अनेकदा मागितली जातात, विशेषतः धंद्यातून धोका आहे असं कारण असेल तेव्हा. जवळ ठेवलेली बरी.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्ज नमुना ए-१ मध्ये. तो एनडीएएल-एएलआयएस या केंद्र सरकारच्या पोर्टलवर भरायचा, छापील प्रत सही करून परवाना शाखेत द्यायची. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार. अकरा महिन्यांनी घर बदलण्याचा बेत असेल तर अर्जाची घाई करू नका, पडताळणी जुन्या पत्त्यावर जाते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नमुना एस-१, हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र एस-२, आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र एस-३. या शेवटच्या प्रमाणपत्रात दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन नाही हा उल्लेख हवाच. तो राहिला म्हणून परत आलेली फाइल मी पाहिली आहे. स्वसंरक्षण असेल तर धमकीच्या तक्रारींच्या, गुन्ह्यांच्या नोंदींच्या प्रती जोडा. नुसतं ‘मला धोका आहे’ लिहून भागत नाही. खेळ असेल तर क्लबचं सभासदत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं. शेत असेल तर सातबारा.

पडताळणी

फाइल तुमच्या पोलीस ठाण्यात येते. पूर्वइतिहास तपासतात, शेजारी आणि ओळखीच्या प्रतिष्ठित माणसांचे जबाब घेतात, घर बघतात. नियमांप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ६० दिवसांत निर्णय व्हायचा. कागदावर. प्रत्यक्षात दर महिन्याला परवाना शाखेत जाऊन फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते नम्रपणे विचारावं लागतं.

मावसभावाकडे आलेले हवालदार मोठे मजेशीर होते. चहा घेतला आणि म्हणाले, ‘ठेवणार कुठे?’ याने स्टीलचं गोदरेजचं कपाट दाखवलं. ‘आणि किल्ली?’ किल्ली देवघराच्या बाजूला खिळ्याला टांगलेली, सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचेल अशी. हवालदार तिच्याकडे बघून म्हणाले, ‘काय गं, कपाट उघडता येतं का?’ तिने उडी मारून किल्ली काढली आणि उघडून दाखवलं. साहेबांनी डायरी मिटली. आठवडाभराने भिंतीत बोल्ट ठोकलेली लोखंडी पेटी, वेगळं कुलूप आणि काडतुसांना निराळा कप्पा एवढं झाल्यावरच अहवाल पुढे गेला.

नकार आला तर कारणं लेखी मागता येतात. जनहिताचं कारण सांगून ती रोखली नसतील तर मिळतात. अपील ३० दिवसांत करायचं. आयुक्तांच्या आदेशावर राज्य सरकारच्या गृह विभागाकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर कोकण विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात.

खरेदी

आधी परवाना, मग बंदूक. ‘बुकिंग करून ठेवतो, परवाना येईल तेव्हा बघू’ असला घरगुती हिशेब इथे चालत नाही. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं कैद. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर, खरेदीची मुदत आणि काडतुसांची संख्या लिहिलेली असते. त्याबाहेर दुकानदार काही देऊ शकत नाही. परवानाधारक विक्रेता हत्याराचा नंबर परवान्यावर चढवतो, नंतर ते परवाना शाखेत दाखवून नोंद पक्की करायची.

स्वस्तात घ्यायची तर जुनी. परवानाधारकाकडून परवानाधारकाला विकता येते, पण विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. तोवर व्यवहार नाही. जुन्या रायफलीची नळी आतून खरवडलेली, गंजलेली नाही ना हे जाणत्याकडून बघून घ्या. नंबर घासलेला वाटला तर हातसुद्धा लावू नका.

एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. २०१९ पर्यंत तीन चालायच्या. परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली. नूतनीकरणाचा अर्ज नमुना ए-३ मध्ये, मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी. निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते; जमा करताना पावती घ्या आणि जपून ठेवा, परत मिळवताना तीच लागते. आणि हळदीला, वरातीत हवेत बार काढायची हौस असेल तर लक्षात घ्या, त्यासाठी आता वेगळं कलम आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाच्यातरी मोबाइलवरचा व्हिडिओ पुराव्याला पुरतो.

मावसभावाची रायफल? ती झाली नाही. कागद गोळा करताना त्याच्या वडिलांची दुनाळी आठवली. काका मुरबाडच्या घरी राहतात, वय ७४, शेतसंरक्षणाचा परवाना माझ्या लहानपणापासूनचा. परवानाधारक वारला तर वारसाला परवाना मागता येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण परवानाधारकाने वयाची ७० ओलांडली असेल किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. काकांकडे दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र घेतलं, बदलापूरचा पत्ता म्हणून अर्ज ठाणे आयुक्तालयात गेला आणि पेटीचा तो किस्सा या अर्जातलाच. खर्च पेटीचा आणि कागदांचा. दुनाळी अजून मुरबाडलाच आहे, तेल लावून, जुन्या धोतराच्या फडक्यात. वन खात्याचं पत्र यायचं बाकी आहे.