डंजन्स अँड ड्रॅगन्स: अपुऱ्या नियमांतून उभा राहिलेला धंदा

एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातले एकेक पात्र व्हायचे आणि वार लागला की हुकला हे फाशांवर सोडायचे. फँटसी रोलप्लेइंग गेमचा हा साचा छापील रूपात बाजारात आणला तो डंजन्स अँड ड्रॅगन्सने, जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून. त्याच्या नियमांवर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. मला मात्र तो कसा छापला आणि विकला गेला, हे तितकेच महत्त्वाचे वाटते.

शिशाचे छोटे सैनिक टेबलावर मांडून लढाया खेळण्याचा छंद तिथे जुनाच होता. गॅरी गायगॅक्स त्याच छंदातले. १९७० मध्ये विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून ते संसार चालवत होते. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासोबत त्यांनी ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. तिच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी होती. दरम्यान मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्ह वेस्ली यांनी खेळाडूला फौजेऐवजी एकाच माणसाची भूमिका देऊन पाहिली होती. त्यांच्या गटातले डेव्ह आर्नेसन याहून पुढे गेले. त्यांच्या ‘ब्लॅकमूर’मध्ये तीच पात्रे खेळामागून खेळ टिकत, अनुभवाने वाढत आणि तळघरांतले खजिने शोधत. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हात येऊन हा प्रकार खेळवून दाखवला आणि गायगॅक्स नियम लिहायला बसले.

प्रस्थापित प्रकाशकांनी रस दाखवला नाही. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजे टीएसआर, ही भागीदारी सुरू केली. के यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर १,००० डॉलर कर्ज काढले. पुढे ब्रायन ब्लूम पैसे घेऊन आले, तेव्हा कुठे छपाई जमली. प्रती काढल्या १,००० आणि खोके घरीच भरले.

तो खोका नीट पाहण्यासारखा आहे. लाकडाच्या रेषांचा आभास देणारा तपकिरी कागद, आत तीन बारक्या पुस्तिका आणि किंमत १० डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच. पण एवढे घेऊनही खेळ सुरू होत नसे. लागणाऱ्या साहित्याच्या यादीत ‘चेनमेल’ होते, शिवाय अ‍ॅव्हलॉन हिल या दुसऱ्याच कंपनीचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा खेळ होता, कारण रानावनातल्या प्रवासासाठी त्याचा पट वापरायचा होता. चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे हवेत, आलेखाचा कागद हवा. त्याच यादीत ‘कल्पनाशक्ती’ होती आणि एक सोशिक पंचही, म्हणजे गोष्ट चालवणारा!

नियमांत जागोजागी भोके होती आणि जो तो आपापल्या परीने ती बुजवू लागला. पुस्तिकांच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरल्या. पहिली हजार प्रतींची खेप वर्षभरात संपली. टीएसआरनेच १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ पुरवणी काढून चोर हे पात्र आणले; १९७६ च्या देवदेवतांच्या पुरवणीत भारतीय देवांचेही प्रकरण होते, त्यांच्या बळाच्या आकड्यांसकट. फीनिक्सचे ग्रंथपाल केन सेंट आंद्रे यांना मूळ नियम किचकट वाटले. त्यांनी नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ १९७५ मध्ये स्वतःच काढला. लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप या खेळ विकणाऱ्या कंपनीच्या तरुणांनी सहा प्रती मागवल्या आणि त्या भरवशावर युरोपातल्या विक्रीचे हक्क मिळवले.

या साऱ्यांत मला सर्वांत ओढ वाटते ती एम. ए. आर. बार्कर यांच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ची. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक. बहुतेकांनी युरोपातले किल्ले आणि सरदार घेतले. बार्कर यांनी तेकुमेल हे वेगळेच जग घडवले, त्याला स्वतःची भाषा आणि लिपी दिली. टीएसआरने ते १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला काढले.

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेले, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी. भागीदारी मोडून कंपनी उभी राहिली आणि तिची सूत्रे हळूहळू ब्लूम कुटुंबाकडे झुकली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांच्या कथांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांनी हरकत घेतल्यावर खेळातले ‘हॉबिट’, म्हणजे टोल्किन यांचे बुटके लोक, ‘हाफलिंग’ झाले. मग १९७७ ते १९७९ दरम्यान ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या नावाने जाड बांधणीचे तीन ग्रंथ आले. भोके बुजवायचे काम आता कंपनीने आपल्याकडे घेतले होते. हा वेगळाच खेळ आहे, असे सांगून आर्नेसन यांना त्यावरची रॉयल्टी नाकारण्यात आली. १९७९ मध्ये ते कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. १९७४ च्या खोक्यावर गायगॅक्स यांच्या जोडीला त्यांचे नाव छापलेले आहे. त्यांची मागणी मला रास्तच वाटते.