वेजचा फटका आणि साडेतीन मिलिमीटर

गोल्फमध्ये ग्रीनजवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या हिरवळीजवळ, आल्यावर दोन चुका सगळ्यात जास्त जिव्हारी लागतात. एकीत क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो, ढेकूळ उडतं आणि चेंडू चार पावलांवर जाऊन थांबतो. हा ‘फॅट’ शॉट. दुसरीत क्लबची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू जमिनीलगत सुसाट सुटून ग्रीनच्या पलीकडे जातो. हा ‘थिन’. एक फटका फॅट गेला की पुढच्या वेळी खेळाडू धास्तावून क्लब जरा वर उचलतो, आणि तो थिन जातो. दोन्ही चुका एकमेकींच्या उलट दिसतात, म्हणून त्यांच्यावर उपायही उलटसुलट केले जातात. पण बहुतेक वेळा दोघींचं मूळ एकच असतं: स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याच्या हालचालीचा, तळ चेंडूच्या मागे पडलेला असतो.

तळ म्हणजे काय, ते आधी पाहू. क्लबचं डोकं खांद्याभोवती साधारण वर्तुळाकार फिरतं. वर्तुळाची त्रिज्या, म्हणजे हात आणि वेज (चेंडू उंच उडवायचा, जास्त कललेल्या तोंडाचा क्लब) मिळून होणारं अंतर, सुमारे दीड मीटर. या वर्तुळाचा जमिनीकडचा सगळ्यात खालचा बिंदू म्हणजे स्विंगचा तळ. क्लब त्याच्या अलीकडे खाली उतरत असतो आणि पलीकडे वर चढत असतो. तळापासून ५ सेंटिमीटर दूर क्लब जेमतेम पाऊण मिलिमीटर वर असतो, १० सेंटिमीटरवर सुमारे ३ मिलिमीटर आणि २० सेंटिमीटरवर सुमारे १३ मिलिमीटर. अंतर दुप्पट झालं की उंची चौपट होते. (खरा स्विंग नेमक्या वर्तुळात फिरत नाही, पण अंदाज बांधायला एवढं पुरेसं आहे.)

तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. वेजच्या बाबतीत ते किरकोळ का नाहीत, हे कळायला घरात करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. टेबलावर एक चेंडू ठेवा आणि जाड पुठ्ठ्याची वही उभी धरून त्याला टेकवा. वही चेंडूला बरोबर मध्यावर टेकेल. आता वहीची खालची कड टेबलावरच ठेवून वरची बाजू चेंडूपासून मागे कलती करा. वही जितकी कलेल तितका स्पर्शाचा बिंदू चेंडूवर खाली सरकेल. वेजचा फेसही, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजूही, अशीच मागे कललेली असते, आणि या कलण्यालाच लॉफ्ट म्हणतात. पिचिंग वेजचा लॉफ्ट साधारण ४४ ते ४८ अंश असतो, सँड वेजचा ५४ ते ५८ आणि लॉब वेजचा ६० च्या आसपास.

आता आकडे घालून पाहू. नियमानुसार गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या साधारण २१.३ मिलिमीटर. फेस ३२ अंश कललेला असेल तर तो चेंडूला जमिनीपासून १० मिलिमीटर उंचीवर भेटतो. ५६ अंशांच्या वेजचा शाफ्ट, म्हणजे दांडा, सरळ उभा असेल तर ही उंची उरते फक्त ३.६ मिलिमीटर. ६० अंशांना तर ३ मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे वेजची पुढची कड, जिला लीडिंग एज म्हणतात, चेंडूपाशी पोहोचताना जमिनीपासून साडेतीन मिलिमीटरच्या आत असायला हवी. त्यापेक्षा वर गेली की फेसऐवजी कडच चेंडूला लागते. वेजचा फटका एवढा नाजूक का असतो, याचं सगळ्यात सरळ उत्तर मला या एका आकड्यात दिसतं.

सुरुवातीचं कोडंही इथेच सुटतं. समजा, तळ चेंडूच्या १० सेंटिमीटर मागे पडला. क्लब तिथे जमिनीला नुसता पुसटसा घासून गेला, तर चेंडूपाशी पोहोचेपर्यंत तो ३ मिलिमीटर वर आलेला असतो. लीडिंग एज मुळातच सोलच्या, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या तळव्याच्या, सगळ्यात खालच्या भागापेक्षा थोडी वर असते, ती उंची धरली की साडेतीन मिलिमीटरची मर्यादा ओलांडली जाते आणि शॉट थिन जातो. तोच क्लब त्याच जागी ५ मिलिमीटर खोल गेला, तर तो चेंडूच्या कितीतरी आधी मातीत शिरतो आणि शॉट फॅट होतो. तळ तोच, फरक फक्त खोलीचा. म्हणूनच क्लब वर-खाली करून हा दोष जात नाही, तळच पुढे न्यावा लागतो.

तळ चेंडूच्या ५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला नेला आणि क्लब जमिनीत पाऊण मिलिमीटर उतरला, तर सोल बरोबर चेंडूपाशी जमिनीला टेकतो. हा आदर्श फटका. पण इतकी अचूक खोली दर वेळी कोण साधणार? क्लब ३ मिलिमीटर खोल गेला तर तो चेंडूच्या ५ सेंटिमीटर आधीच जमिनीला भिडतो. तरीही चांगल्या खेळाडूंचे असे कित्येक फटके व्यवस्थित जातात, आणि ते वाचवतो बाउन्स.

वेज हातात घेऊन त्याचा सोल नीट न्याहाळा. तो सपाट नसतो. पुढच्या कडेपेक्षा मागचा भाग खाली झुकलेला असतो, आणि या झुकावाचा कोन म्हणजे बाउन्स. तो साधारण ४ ते १४ अंशांपर्यंत असतो. असा सोल जमिनीला भिडला की तो नांगरासारखा आत शिरत नाही, होडीच्या तळासारखा वर ढकलला जातो आणि पुढे सरकतो. जरा आधी टेकलेला क्लबही त्यामुळे चेंडूखालून निघून जातो. आजच्या सँड वेजचं श्रेय मुख्यतः अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेनला दिलं जातं. विमान चालवायला शिकताना, विमानाची शेपटी खाली गेली की नाक वर उचललं जातं हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे. त्याने क्लबच्या सोलवर मागच्या बाजूला धातूची भर घातली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा हा नवा वेज वापरून जिंकली. विमानाचं नाक आणि क्लबची कड यांत त्याला दिसलेलं साम्य मला विलक्षण वाटतं, कारण मातीत किंवा वाळूत जाणारा क्लब वर उचलण्याचं काम खरोखरच मागचा जड, झुकलेला भाग करतो. बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, हे तत्त्व पूर्णपणे कामी येतं. तिथे क्लब चेंडूच्या साधारण ५ सेंटिमीटर मागे वाळूत उतरतो, चेंडूला लागतच नाही, आणि वाळूच चेंडूला बाहेर घेऊन येते.

इथे एका प्रचलित सल्ल्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘हात पुढे ठेवा आणि चेंडूवर खाली मारा’ हे नवशिक्यांना सतत सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. हात पुढे गेले की शाफ्ट लक्ष्याकडे झुकतो आणि तळ पुढे सरकतो. लॉफ्टही कमी होतो. ५६ चा ५१ झाला तर फेस चेंडूला ३.६ ऐवजी ४.७ मिलिमीटरवर भेटतो, म्हणजे मोकळीक वाढते. इथपर्यंत फायदा आहे. पण शाफ्ट जितके अंश पुढे झुकतो, बाउन्स जवळजवळ तितकेच अंश कमी होतो. दहा अंश बाउन्सचा वेज दहा अंश पुढे झुकवला की सोलचं संरक्षण संपतं आणि जमिनीला आधी भिडते ती धारदार कड. मग मिलिमीटरभर चूकही क्लबला खोल रुतवते. मऊ जमिनीवर तर हमखास. माझ्या मते छोट्या पिच शॉटला, म्हणजे ग्रीनवर उंच टाकायच्या जवळच्या फटक्याला, शाफ्ट किंचितच पुढे असावा आणि उरलेलं काम सोलवर सोपवावं.

फेस उघडला, म्हणजे क्लब जरा फिरवून फेस आणखी आकाशाकडे वळवला, की याच्या उलट घडतं. बाउन्स वाढतो, लॉफ्टही वाढतो, कड जमिनीपासून आणखी वर उचलली जाते आणि ती साडेतीन मिलिमीटरची जागा आणखी आक्रसते. दाट गवतावर चेंडू वर तरंगत असेल तर हे चालून जातं. टणक, उघड्या जमिनीवर मात्र सोल आपटून कड थेट चेंडूच्या पोटात जाते. म्हणून मऊ जमिनीला जास्त बाउन्स आणि टणक जमिनीला कमी, हा ढोबळ नियम पाळला जातो.

स्पर्शाचा क्षण साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. सेकंदाला ३० मीटर वेगाने येणारा क्लब तेवढ्या वेळात दीड सेंटिमीटर पुढे जातो, आणि तेवढ्यातच चेंडू फेसवर घासून स्पिन घेतो. फेसवरच्या खाचा चेंडूला पकडतात असा समज आहे. खरं तर त्यांचं मुख्य काम पाणी आणि गवताचा रस बाजूला सारण्याचं आहे, टायरच्या खाचांसारखं. फेस आणि चेंडूच्या मध्ये ओलावा राहिला तर घर्षण कमी होतं, स्पिन घटतो आणि चेंडू जास्त उंच निघतो. या खाचांची धार आणि आकारमान यांवर २०१० पासून नियमाने मर्यादा आली, त्यामुळे फेस पुसून कोरडा ठेवण्याचं महत्त्व वाढलं आहे. प्रत्येक फटक्याआधी फडक्याने खाचा पुसायला पाच सेकंद लागतात.

तळ मागे का पडतो? माझ्या निरीक्षणात त्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं म्हणजे चेंडू उचलून देण्याची इच्छा. मनगट चमच्यासारखं वळतं, वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लब चेंडूआधीच तळ गाठून वर निघतो. चेंडू उचलायला ५६ अंशांचा उतार आधीच तिथे आहे, हे शरीराला पटायला वेळ लागतो. दुसरं कारण म्हणजे ऐनवेळी कचरून हात मंदावणं. हात थांबले तरी क्लबचं डोकं थांबत नाही, ते हातांना मागे टाकून पुढे जातं आणि वर चढू लागतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने सुरुवातीलाच डाव्या पायावर थोडं जास्त वजन घ्यावं, ते तिथेच राहू द्यावं आणि फटक्यानंतरही छाती लक्ष्याकडे वळत ठेवावी. अंतर कमी हवं असेल तर स्विंग लहान करावा, मध्येच मंद करू नये.

हे जमतंय की नाही, ते चेंडूकडे पाहून नीट कळत नाही. कमी-जास्त गेलेला चेंडू चुकीमागचं कारण सांगत नाही, जमीन सांगते. सरावाच्या जागी गवतावर चुन्याची किंवा फवाऱ्याची एक सरळ रेघ ओढा, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात. रेघ दोन्ही पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता दहा स्विंग करा. प्रत्येक स्विंगनंतर अर्धं पाऊल पुढे सरका, म्हणजे रेघेवर नवी जागा मिळेल. मग वाकून खुणा बघा. गवत रेघेवर किंवा तिच्या लगेच पुढे घासलं गेलं असेल तर तळ योग्य जागी आहे. खुणा मागे असतील तर वीतभर मागे आहेत की दोन बोटं, ते मोजा. खूण खोल खड्ड्यासारखी असेल तर कड रुतते आहे, हात जरा कमी पुढे न्या. गवत फक्त आडवं पडलं असेल आणि माती दिसत नसेल, तर सोल सरकतो आहे. त्या रेघेवर मग चेंडू ठेवा.