हिरडीतली सुई आणि मांडीतली सुई

दात काढायला आलेला पेशंट भुलीचं इंजेक्शन घेतानाच पांढराफटक पडतो, कपाळावर दरदरून घाम फुटतो, मान कलते. डेंटल चेअरवर सर्वांत जास्त वेळा ओढवणारी आणीबाणी हीच, भोवळ. भीतीने धडधडणारं हृदय व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या प्रभावाखाली एकाएकी मंदावतं, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं. खुर्ची आडवी करून पाय उंचावले की बहुतेक जण मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडतात. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला मात्र डाव्या कुशीवर वळवायचं, नाहीतर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. एवढं बहुतेक इंटर्नना, म्हणजे शिकाऊ दंतवैद्यांना, येतं.

खरी कसोटी लागते ती पेशंट सावरला नाही तर. भोवळीत नाडी मंद लागते. तीव्र अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, ती सहसा जोरात पळते, ओठ सुजतात, श्वासाला घरघर लागते आणि बऱ्याचदा अंगावर गांधी उठतात. इन्सुलिन घेऊन पण दाढदुखीमुळे उपाशीच आलेला मधुमेही साखर उतरल्याने घामाघूम होतो, थरथरतो, असंबद्ध बोलू लागतो. तो शुद्धीवर असेल तर १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही.

हे सगळं पुस्तकात असतं, परीक्षेत लिहिलंही जातं. तरीही देशोदेशी शिकाऊ दंतवैद्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत एक चित्र वारंवार दिसतं: भोवळ सांभाळू असं म्हणणारे पुष्कळ, पण अ‍ॅनाफिलॅक्सिस किंवा हृदय बंद पडणं म्हटलं की आत्मविश्वास घसरतो. माझ्या मते कमतरता ज्ञानापेक्षा हाताच्या सवयीची आहे.

अ‍ॅड्रेनालिनचंच बघा. हे औषध दंतवैद्याच्या हातात रोज असतं, कारण भुलीच्या लिग्नोकेनमध्ये ते १:८०,००० इतकं विरळ मिसळलेलं असतं. या भुलीच्या १.८ मिलीच्या एका काडतुसात, म्हणजे सिरिंजमध्ये बसवायच्या नळीत, ते जेमतेम ०.०२२५ मिलिग्रॅम भरतं. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मोठ्या माणसाला लागतं ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अशा २२ काडतुसांइतकं. ते १:१००० तीव्रतेच्या अँप्यूलमधून, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीतून, ०.५ मिली काढून मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्यायचं, आणि ५ मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्यायचं. हिरडीत असंख्य सुया टोचलेल्या इंटर्नने मांडीत एकही टोचलेली नसते, असं सहज घडू शकतं. अँप्यूलची मान मोडून औषध सिरिंजमध्ये ओढून घेणं सोपं वाटतं. समोर पेशंटचा श्वास कोंडत असताना ते पहिल्यांदाच करावं लागलं, तर हात थरथरणारच. शांत दुपारी, कोणी घाई करत नसताना, हे दहा वेळा करून ठेवायला हवं.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचंही तसंच. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल असे दाब, ३० दाबांमागे २ श्वास. पण प्रशिक्षणातली मॅनिकिन, म्हणजे सरावाची बाहुली, जमिनीवर असते आणि पेशंट खुर्चीत. खुर्ची पूर्ण आडवी करून पाठीच्या भागाखाली स्टूल सरकवलं, तर ती दाबाबरोबर खाली-वर होत नाही. डॉक्टरांच्याच बसण्याचं स्टूल त्यासाठी चालतं, पण हे आधी करून पाहिलेलं हवं. त्याआधी तोंडातला कापूस, सक्शनची नळी, उपकरणं बाहेर काढायची असतात. डीफिब्रिलेटरने, म्हणजे विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राने, बरं होऊ शकणाऱ्या हृदयबंदीत सीपीआर मिळत नसेल तर शॉकला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणूनच कोणी फोन करायचा, ऑक्सिजन कोणी आणायचा, वेळ कोणी टिपायची हे आधीच ठरलेलं हवं, आणि त्या तालमीत मदतनीस व रिसेप्शनिस्टही हवेत.

सीपीआरचं कौशल्य ३ ते ६ महिन्यांत बोथट होऊ लागतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. वर्षातून एकदा झालेल्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर विसंबण्याऐवजी दर तीन महिन्यांनी, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, अर्ध्या तासाची तालीम झाली तर इंटर्नशिपमध्ये ती चार वेळा होईल.